सातवी फेरी

“उरल्या किती?” मोनालीनं विचारलं.

“दोन.”

“मॅडम, पाय भरून आले जी.”

“भरतीच्या मैदानावर पाय भरून आले म्हणून कोणी थांबत नाही,” मी म्हणाले आणि हातातलं स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. सकाळचे सात वाजायचे होते, तरी हवेत गारवा असा उरलाच नव्हता. तालुक्याच्या कॉलेजचं मैदान लाल मुरमाचं. मी स्वतः चुन्याच्या फक्कीनं आखलेली दोनशे मीटरची वाट त्यावर होती. मैदानाच्या टोकाला मोहाची दोन झाडं, आणि त्यांच्याखाली पहाटेपासून बायका वाकून फुलं वेचत होत्या. मोनाली गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. तिची वेणी सुटली होती, तरी ती बांधत नव्हती. एरवी प्रत्येक फेरीनंतर आधी वेणी घट्ट करायची.

मोनाली सिडाम तेव्हा एकवीस वर्षांची होती. गाव चौदा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. शिकायला म्हणून ती तालुक्याच्या वसतिगृहात राहायची. आई सुगंधाबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. वडील दरवर्षी माघ लागला की तेलंगणात मिरची तोडायला जायचे ते चैत्र संपल्यावर परतायचे. त्या घरात खाकी वर्दीचं स्वप्न पाहणारी ती पहिलीच.

आणि मी रजनी नंदनवार. अख्ख्या तालुक्यात व्यायाम शिकवणारी एकटी बाई. पोलीस भरतीत माझी स्वतःची उंची अर्ध्या सेंटीमीटरनं कमी भरली होती. मोजपट्टीखाली टाचा उचलल्या म्हणून हवालदारानं मला सगळ्यांसमोर हसून बाहेर काढलं होतं. त्यानंतर मी नागपूरला जाऊन ट्रेनरचा रीतसर कोर्स केला, इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं आणि शंभरपैकी एक्याऐंशी मार्क घेतले. चौकात पहिल्या मजल्यावर माझी जिम होती, तिथं ते प्रमाणपत्र काचेत लावलेलं होतं. स्नायू कसा थकतो, कसा सावरतो, दम कुठं संपतो आणि मन कुठं हार मानतं, हे मला समजतं असा माझा ठाम समज होता.

बाकीच्या मुलींना मी संध्याकाळी एकत्र घ्यायचे. मोनालीला मात्र सकाळी एकटीला, कारण तिच्यात ती धमक होती. आठशे मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत यावं लागतं. ती जानेवारीत दोन-अठ्ठावन्नवर आली होती. आठ सेकंदांचा प्रश्न होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिला ताप आला आणि दहा दिवस ती वसतिगृहाच्या खोलीत पडून राहिली. परत आली तेव्हा वेळ लागली तीन मिनिटं सहा सेकंद. परीक्षेला बारा दिवस उरले होते.

आजारातून उठलेल्या माणसाला निम्म्यापासून सुरुवात करून द्यायची, हा नियम मला पाठ होता. पण निम्म्यापासून सुरू केलं तर बारा दिवसांत कुठं पोचणार? मी कागदावर गणित मांडलं. दोनशे मीटरच्या आठ फेऱ्या, पूर्ण वेगात, मधे विसावा फक्त पंचेचाळीस सेकंदांचा. त्या दिवशी तिची सहावी फेरी झाली होती.

“कंबरेतूनही दुखून राह्यलं,” ती म्हणाली.

“बस खाली. बघू.”

ती बसली. मी तिची पोटरी दोन्ही हातांनी दाबून पाहिली, मग मांडी. स्नायूत गोळा आला की तो दगडासारखा टणक लागतो, बोटांना सापडतो. हिची पोटरी मऊ होती. मांडीही मऊ. मी दोनदा चाचपलं. श्वास जोरात चालला होता, पण छातीत दुखत नव्हतं, घाम येत होता, बोलणं स्वच्छ होतं. मी माझ्या डोक्यातली यादी तपासली आणि त्यात मला काहीच सापडलं नाही.

“गोळा आलेला नाही,” मी म्हणाले. “पेटका आला असता तर माझ्या हाताला लागला असता. हे तुझ्या मनातलं आहे, मोनाली. दहा दिवस पडून राहिलीस, आता शरीर बहाणे सांगणार.”

“बहाणा नाही जी.”

“मग?”

तिनं मांडीवर मूठ आपटली, जणू ती दुसऱ्याच कोणाची मांडी होती. “थांबू का आज?”

“सातवी कर. मग बघू.”

ती उठली. आता आठवतं तेव्हा हेच आधी आठवतं, की ती उठली. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या जोरावर ती त्या पायांवर उभी राहिली.

सातव्या फेरीत पहिलं वळण तिनं बऱ्यापैकी घेतलं. मग तिची पावलं आखूड झाली. मी ओरडले, “हात! हात मार!” ती पडली नाही. माणूस धावता धावता पडतो तसं काहीच झालं नाही. तिचा वेग कमी झाला, ती चालायला लागली आणि मग वाटेवरच हळूच बसली, खाली सांडलेलं काही वेचायला बसावं तशी. नंतर आडवी झाली.

मी धावत पोचले तर ती पूर्ण शुद्धीत होती. “मॅडम, मले पायच नाहीत असं वाटून राह्यलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात घाबरणंही नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं.

पुढची चाळीस मिनिटं मी काय केलं ते क्रमानं सांगता येतं. तिला ओढत मोहाच्या सावलीत नेलं. पाय उंच ठेवले. साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. पोटऱ्या चोळल्या, मांड्या ताणून दिल्या. ताणताना ती कण्हली तेव्हा मी म्हणाले, “आत्ता मोकळं होईल.” मला खरंच वाटत होतं की होईल. बेशुद्ध पडली असती, छाती धरली असती, अंग तापून कोरडं पडलं असतं, तर मला काय करायचं ते माहीत होतं. पण समोरची मुलगी माझ्याशी बोलत होती.

फुलं वेचणाऱ्यांपैकी एक म्हातारी टोपली घेऊन जवळ आली. मोनालीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

“हिले दवाखान्यात न्या, बाई,” ती म्हणाली. “बसवून नका ठेवू.”

“थकलीय ती, आजी. बसेल, बरं वाटेल.”

“थकलेलं माणूस असं नाही दिसत.”

मला राग आला. मी तिला काही बोलले नाही, पण मान फिरवली. तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि रस्त्यावर जाऊन स्वतःच ऑटो थांबवली. मोनालीला उचलताना तिचे पाय ओल्या कपड्यासारखे लोंबले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या सकाळी डॉक्टर झाडे ड्युटीवर होत्या. तिशीच्या आतल्याच असतील. त्यांनी नाडी पाहिली, ऑक्सिजन लावायला सांगितला, सलाईन सुरू केलं आणि विचारपूस करता करता सहज, आमच्या जिल्ह्यात प्रत्येकालाच विचारतात तसं, विचारलं, “सिकलसेल आहे का तुला? तपासलं होतं कधी?”

मोनालीनं माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

आता मला ते सांगायला हवं, जे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मोनाली माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला एक छापील फॉर्म भरायला दिला होता. कोर्सनंतर मीच तो तयार केला होता, आणि तालुक्यात असा फॉर्म भरून घेणारी जिम माझीच, याचा मला अभिमान होता. त्यात सातवा प्रश्न होता, कोणताही आजार आहे का. तिथं तिचं पेन थांबलं.

“मॅडम, माझ्याजवळ पिवळं कार्ड आहे. ते लिहू का?”

आमच्याकडे शाळेतच सिकलसेलसाठी मुलांचं रक्त तपासतात. ज्यांच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ज्यांना खरा आजार असतो, त्यांना लाल कार्ड. ज्यांच्यात तो गुण निम्माच आलेला असतो, त्यांना पिवळं. पिवळं कार्ड म्हणजे आजारी नाही, फक्त वाहक, असं आरोग्यसेविका घरोघर सांगतात, आणि ते खरंही आहे. लग्न जुळवताना तेवढं दुसरं पिवळं कार्ड टाळायचं.

“ती लग्नाची गोष्ट आहे,” मी हसून म्हणाले होते. “धावण्याशी तिचा काय संबंध? नाही लिही. आणि ऐक, भरतीच्या मेडिकलमध्येही तोंडातून काढू नकोस. माझं अर्ध्या सेंटीमीटरनं गेलं. तुझं एका कार्डानं जायला नको.”

तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

तर दवाखान्यातल्या त्या खाटेवर, नाकावर नळी असताना, तिनं मी शिकवलेलं उत्तर दिलं आणि बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी गप्प राहिले. केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की ते भरतीपर्यंत पोचेल, असं मला वाटलं. आणि कार्डाचा या दुखण्याशी संबंध नाही, हे तर मला माहीतच होतं.

मी वीस मिनिटं गप्प होते. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नक्की सांगते.

मग नर्स भांडं घेऊन बाहेर आली आणि तिनं डॉक्टरांना बोलावलं. मीही पाहिलं. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होती. डॉक्टर झाडेंचा चेहरा बदलला.

“डॉक्टर,” मी म्हणाले. “तिच्याजवळ पिवळं कार्ड आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “दुखतंय असं केव्हापासून म्हणत होती?”

“सहाव्या फेरीनंतर.”

“त्यानंतर थांबली?”

“नाही. सातवी केली.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग हृदयाचा आलेख काढला, हातात घेऊन खिडकीशी नेऊन पाहिला, कसलंसं इंजेक्शन अगदी सावकाश दिलं आणि नागपूरला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी यायला लागली तेवढ्या वेळात त्यांनी मला शांतपणे समजावलं. वाहकाला एरवी काही होत नाही. जन्मभर शेतात राबतात, खेळतात, कुणाला कळतही नाही. पण अंगावर आजारपणाचा शीण असताना, उन्हाळ्याच्या तोंडाला, विसावा न देता जीव तोडून पळवलं, तर रक्तातला प्राणवायू इतका खाली जातो की त्याही पेशी वाकतात आणि स्नायूंना रक्तच मिळत नाही. स्नायू आतल्या आत मरायला लागतात. मेलेल्या स्नायूंतून जे विष सुटतं, ते मूत्रपिंडावर आणि हृदयावर जातं.

“पण तिची पोटरी मऊ होती,” मी म्हणाले. “मी दाबून पाहिली होती.”

“मऊच लागते,” डॉक्टर म्हणाल्या. “तीच तर खूण आहे.”

सुगंधाबाईंना निरोप धाडला होता, पण गावातून पहिली एसटी साडेदहाची. ॲम्ब्युलन्स थांबू शकत नव्हती. मोनालीबरोबर मीच बसले.

नागपूरपर्यंतचा तो रस्ता मी त्याआधी शंभरदा केला असेन. नर्स सलाईनकडे बघत होती, मी मोनालीचा हात धरून बसले होते. त्या हाताला मी काय करू शकत होते? मला तीनशे हाडं-स्नायूंची नावं येत होती. कुठला स्नायू कुठं सुरू होतो आणि कुठं चिकटतो ते मी झोपेत सांगितलं असतं. माझ्या हाताखाली तेच स्नायू विरघळत होते आणि मला फक्त तिच्या कपाळावरचा घाम टिपता येत होता.

भिवापूरच्या अलीकडे तिनं मास्क थोडा बाजूला केला.

“मॅडम, सातवी पूर्ण नाही झाली.”

“राहू दे.”

“ग्राउंडले बारा दिवस आहेत न?”

“तारीख पुढं ढकलून घेऊ आपण. मी अर्ज करते.”

“होते तसं?”

“होतं,” मी म्हणाले. असं काही होत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

उमरेड ओलांडल्यावर ती बोलेनाशी झाली.

मोठ्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. दुपारी अडीचला सुगंधाबाई आल्या. निळसर नऊवारी, हातात कापडी पिशवी. पिशवीत मुलीचे दोन ड्रेस, कंगवा आणि ते पिवळं कार्ड. कुणी मागितलं नव्हतं, पण दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी ते आठवणीनं आणलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. “डॉक्टरले दाखवा, मॅडम. तुम्हाले इंग्रजी येते.” मी ते आत देऊन आले.

रक्त शुद्ध करायचं यंत्र लावलं. संध्याकाळी काचेतून पाहू दिलं. ती शुद्धीवर नव्हती. तेलंगणात ठेकेदाराच्या फोनवर वडिलांशी बोलणं झालं. ते निघाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तिचं हृदय थांबलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलं. वडील तेव्हा चंद्रपूरच्या स्टँडवर गाडी बदलत होते.

सुगंधाबाई रडल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा.”

“पळताना तिनं काही म्हटलं का? दुखते म्हणून? थांबते म्हणून?”

समोरच्या भिंतीला हिरवा रंग होता. खालच्या अर्ध्या भागातला रंग लोकांच्या पाठींनी गेला होता. मी तिथं पाहत राहिले.

“नाही,” मी म्हणाले. “काहीच नाही म्हणाली.”

सुगंधाबाईंनी मान हलवली. “तशीच होती,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून तशीच.”

तशी ती नव्हती. पाय भरले म्हणाली, कंबर दुखते म्हणाली, थांबू का म्हणाली. प्रत्येक वेळी मला म्हणाली.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि माझा जबाब घेतला. मी फॉर्म नेला होता. फौजदारानं सातव्या प्रश्नापुढचा ‘नाही’ वाचला, अक्षर कुणाचं विचारलं, मी मोनालीचं म्हणून सांगितलं. “बघा,” तो सहानुभूतीनं म्हणाला, “मुलंच लपवतात. तुम्ही तरी काय करणार?” मी खोटं एक अक्षरही बोलले नव्हते. तो कागद फाईलला लागला आणि मी घरी आले.

घरी येऊन मी कोर्सचं पुस्तक काढलं. शोधायला फार वेळ लागला नाही, मागच्या सूचीत ‘सिकलसेल’ हा शब्द होता. पान दोनशे अठ्ठ्याऐंशी, खालचं अर्धं पान. वाहकाला त्याच्या चालीनं धावू द्या. विसावा जास्त द्या. आजारातून उठल्यावर नव्यानं, सावकाश सुरू करा. पायात किंवा कमरेत दुखतं, शक्ती गेली असं म्हणाला, तर ताबडतोब थांबवा. स्नायू हाताला मऊ लागतो म्हणून ते ढोंग समजू नका. सगळं होतं. त्या अर्ध्या पानावर माझ्याच पेन्सिलीची तिरकी रेघ मारलेली होती. आमच्या वर्गातले सर म्हणाले होते, हे सगळं परदेशी लोकांचं आहे, परीक्षेला येत नाही, सोडून द्या. मी जन्माला आले त्याच जिल्ह्यात, माझ्याच वर्गातली मुलं ती कार्डं दप्तरात घेऊन शाळेत यायची. तरी सर म्हणाले आणि मी रेघ मारली.

जिम मी बंद केली नाही. लोकांना वाटतं तसं मनात आलं की माणूस काम सोडू शकत नाही. उलट मी शिकवत राहिले, पुढं नव्या ट्रेनर्सचे वर्गही घ्यायला लागले. ते अर्धं पान मी प्रत्येक बॅचला शिकवलं. पोटरी मऊ लागते, हे मी फळ्यावर लिहायचे. कुणाची पोटरी, ते कधी सांगितलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. गेल्या फेब्रुवारीत मोनालीच्या गावाकडच्या एक आरोग्यसेविका माझ्याकडे व्यायामाला यायला लागल्या. एक दिवस बोलता बोलता त्यांनी कौतुकानं सांगितलं, “आमच्या सिकलसेलच्या शिबिरात एक सुगंधाबाई उभ्या राहतात. मोठी हिंमतवान बाई. सगळ्या पोरींना सांगतात, माह्या पोरीनं दुखणं अंगावर काढलं, कोणाले सांगितलं नाही, म्हणून गेली. तुम्ही तसं नका करू. ऐकताना अंगावर काटा येतो बघा.”

त्या रात्री, आणि त्यानंतरच्या कितीतरी रात्री, मी स्वतःशी घोकत राहिले की यातून मुलींचं भलंच होतंय. शेवटी एका रविवारी सकाळची एसटी धरली.

सुगंधाबाई अंगणात पळसाची पानं टोचून पत्रावळी करत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. मोनालीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, असं सांगितलं. पाणी दिलं, चहा ठेवायला उठल्या. मी त्यांना थांबवलं.

“सुगंधाताई, आधी ऐकून घ्या. चहा नंतर, तुम्हाला वाटलं तर.”

मी सगळं सांगितलं. फॉर्म, पिवळं कार्ड, ‘नाही’ कुणी लिहायला लावलं ते. सहावी फेरी. तिनं काय काय म्हटलं, कोणत्या शब्दांत म्हटलं, आणि मी काय उत्तर दिलं. सावलीतली चाळीस मिनिटं. दवाखान्यातली वीस. मग बाकावर त्यांनी विचारलेला प्रश्न.

“ती बोलली होती,” मी म्हणाले. “तीन वेळा बोलली होती. मी ऐकलं नाही. आणि तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. शेजारच्या घरी कुणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. त्या मला शिव्या देतील, हाकलतील, डोकं आपटून घेतील, या सगळ्याची मी गाडीत तयारी केली होती. त्यांनी मुलीच्या बदल्यात माझ्याकडे काही मागितलं असतं तर मी दिलं असतं. पण माझ्याजवळ देण्यासारखं तरी काय होतं?

“अकरा वर्सं,” त्या म्हणाल्या, “मी तिच्यावर रागावून आहो, मॅडम.”

मी मान वर केली नाही.

“सण आला का वाटे, एवढी शिकली पोट्टी, आणि मुखानं दोन शब्द नाही निघाले हिच्या? बाप मरताना तिचं नाव घेऊन राह्यला होता. तं मी त्यालेही म्हटलं, नाव नको घेऊ तिचं. सांगितलं असतं तं वाचली असती. चार गावांत उभी राहून पोरींसमोर तिची चूक सांगितली म्या.” त्यांनी पानावरून हात फिरवला. “तिची.”

“सुगंधाताई, मी...”

“नका बोलू.”

त्यांनी पत्रावळीचं पान खाली ठेवलं, काड्या गोळा करून एका बाजूला सारल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण त्या नजरेत राग होता की काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

“आता तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “मले तिच्याशी बोलाचं आहे.”

त्या घरात गेल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. परतीची एसटी चारला होती. मी फाट्यापर्यंत चालत गेले आणि तिथंच उन्हात बसून राहिले.